एस्तेरचा लांबलेला उपास

"विमलमावशी, आई गेली..." रूथचा जळगावहून फोन आला तेव्हा मी तिच्या आईच्याच कुंड्यांना पाणी घालत होते. चार दिवस तिकडं जळगावला बहिणीकडं राहून येते, असं सांगून रूथची आई, माझी शेजारीण एस्तेर, बुऱ्हाणपूरहून गाडीत बसली होती. "गेली कुठं?" मी खुळ्यासारखं विचारलं. पोटाचा कॅन्सर होता, आठ महिने उपचार चालले होते, आणि चर्चमधल्या शुक्रवारच्या प्रार्थनेतल्या साऱ्या बायकांना ते ठाऊक होतं. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मलाच तेवढं नव्हतं. महिना उलटला, रडून झालं, पण राग काही जात नाही.

आमचे दोघींचे नवरे कागद कारखान्यात एकाच पाळीला होते. क्वार्टरमध्ये शेजार, निवृत्तीनंतर इथं बुऱ्हाणपुरात घरं घेतली तीही शेजारी. ती नर्स, आवाज खणखणीत. तिच्या भिंतीवर येशू, माझ्या भिंतीवर स्वामी. "दोघंबी भिऊ नको म्हणतात, आणि तू पालीले भितेस!" म्हणून मला चिडवायची. तिचे मिस्टर आधीच गेलेले; माझे अचानक गेले तेव्हा तेरावं होईपर्यंत ती माझ्याकडंच राहिली. स्वयंपाकघरात तोंड लपवून रडताना तिनं मला पकडलं. "लपवायचं नई, विमल. मी पण भिते. प्रभूपुढं रडून घेते, मंग उठून कामाले लागते. तू माझ्यापुढं रड." त्या दिवसापासून मी तिच्यापासून काही लपवलं नाही, सुनेशी झालेली भांडणंसुद्धा.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवस ती उपास करायची, मटण आणि गोड सोडायची. आमच्या डोक्यात उपास म्हणजे साबुदाणा, म्हणून मी दरवर्षी डबाभर खिचडी नेऊन द्यायची. ती हसून खायची, आणि माझ्या एकादशीला तोच डबा जवळच्या फोपनार गावच्या केळ्यांच्या शिकरणानं भरून परत यायचा; त्या दिवशी माझी खिचडी आणि तिचं शिकरण आम्ही दोघी माझ्या ओट्यावर बसून खायचो. यंदा तिनं दोन घास खाऊन डबा सरकवला. गळ्याची हाडं वर आली होती. विचारलं तर म्हणाली, "मले काय धाड भरली? या वर्षी उपास कडक धरलाय." ईस्टर झाला तरी खाईना. "वाढवलाय गं. नवस समज." उपासाच्या माणसाला आग्रह करू नये, व्रताचं कारण विचारू नये, असं माझ्या आईनं शिकवलेलं. मी तिच्या देवाचा मान राखत होते आणि ती त्याच्याआड लपत होती!

जाब विचारायला मी तिच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नीकडं गेले. त्या म्हणाल्या, "इथं येऊन खूप रडायच्या हो. भीती वाटते म्हणायच्या. आम्ही हात धरून प्रार्थना करायचो, मग तोंड धुऊन, पावडर लावून तुमच्याकडं चहाला जायच्या. विमलताईंना सांगा म्हटलं, तर म्हणाल्या, तिच्या ओट्यावर मी बीमार नसते, तेवढी एक जागा राहू द्या." हे ऐकून मन भरून यायला हवं होतं. मी पेटलेच. हिंमत तिला प्रभूनं दिली, मान्य आहे. पोटात एवढं दुखणं घेऊन माझ्या फालतू गोष्टींवर हसायला छाती लागते, ती तिला त्या प्रार्थनेतच मिळाली असणार. पण मला रड म्हणणारीनं स्वतःचं रडणं दुसऱ्या दारी नेलं... एका शुक्रवारी मी चर्चच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. समोरच्या क्रुसाला मनात म्हटलं, तुला तर सगळं माहीत होतं ना? मग मला एक इशारा द्यायला काय झालं होतं? बाकीच्या बायका डोळे मिटून बसल्या होत्या.

रूथ घर आवरायला आली, तेव्हा माझा डबा देऊन गेली. घासूनपुसून, रिकामा. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे त्या पोरीला कुठून ठाऊक असणार? परवा एकादशीला सवयीनं दोघींपुरता साबुदाणा भिजला. खिचडी डब्यात भरून मी तिच्या दाराशी गेले, कुलूप पाहिलं, आणि परत येऊन माझ्या ओट्यावर बसले. ती बसायची त्या जागी डबा ठेवला.

"एस्तेर, मी पण भिते गं," मी मोठ्यानं म्हटलं. "आता कोणापुढं रडू, सांग."