सास्तूरच्या शिवप्रियाचा न सापडलेला तारा

शेजारच्या सिद्धारामची पोरगी शिवप्रिया खगोलशास्त्रात डॉक्टर झाली. आता पुढचं संशोधन करते, परदेशात, दोन वर्षांच्या करारावर. आमच्या सास्तूरकरांना यातलं एकच कळलं: परदेशात. ती सुट्टीला आली आणि पुढारी कृष्णराजदादांना सत्काराची उबळ आली. ती त्यांना वरचेवर येते. कुणाची म्हैस जास्त दूध द्यायला लागली तरी दादा शाल घेऊन गोठ्यात हजर.

चौकात फ्लेक्स लागला, 'नवा तारा शोधणारी सास्तूरची कन्या'. दादांचा फोटो परातीएवढा, तिचा बशीएवढा. ते बघून पोरीचा चेहराच उतरला.

"दादा, मी कुठला तारा शोधला न्हाय. तिकडं माझ्यासंगं काम करणाऱ्यांनी हे बघितलं तर मला खोटारडी म्हणतील, करार पुढं वाढणार न्हाय. उतरवा तेवढं."

"अगं, तारा म्हटल्याबिगर लोकांना कळायचं कसं?"

सिद्धारामही सकाळपासून फ्लेक्सखाली उभा राहून पाहुण्यांना फोटो पाठवत होता. बापाचीच ही तऱ्हा, तर दादांना काय बोलायचं!

मग तिनं चौकातल्या कार्यक्रमात माइकवरूनच सांगितलं. गॅमा किरण लांबून येतात, हवेत शिरले की क्षणभर फिकट निळा उजेड पडतो. दुर्बिणीचा कॅमेरा तो टिपतो. त्या कॅमेऱ्याला शेकडो बारके डोळे असतात. सगळ्यांवर सारखाच उजेड टाकायचा आणि कुठला डोळा वाढवून सांगतो, कुठला कमी, ते हुडकायचं, हे हिचं काम. तारा-बिरा काही नाही.

"बघा, केवढी नम्रता!" दादा दुसऱ्या माइकवरून ओरडले. टाळ्यांचा नुसता कडकडाट. मला आमच्या गावाची लाज वाटली. पोरगी घसा फोडून नाही म्हणतेय आणि हे टाळ्या पिटतायत.

शिवप्रिया जागची हलली नाही. "एखादा डोळा कायमच वाढवून सांगत असंल तर आमी त्याची समजूत काढत बसत न्हाय. बंद करतो. इथं तसा एक सापडलाय. दादांचा माइक बंद करा."

आता एकही टाळी वाजली नाही. दादांनी शाल खुर्चीवर आपटली. "माज आलाय पोरीला! उतरवा रे तो फ्लेक्स, माझा फोटो नको तिथं!" खऱ्यानं जे झालं नाही, ते दादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्यावर झालं.

कार्यकर्ते शिडी घेऊन धावले. शिडी डुगडुगत होती. सगळे सिद्धारामकडं बघायला लागले, हा आता दादांचे पाय धरणार म्हणून. तो उठला. सत्काराचा फेटा काढून त्यानं खुर्चीवर ठेवला.

"थांबा," तो म्हणाला, "शिडी म्या धरतो."