जोडदांड्यांचा वाद

जो ब्रेक अपुरा आहे हे ठाऊक आहे, पण ज्यावर हाताची सारी भिस्त आहे, तो काढून टाकणं अधिक धोक्याचं की तसाच ठेवणं? या प्रश्नाचं उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेलं नाही. ज्या माणसामुळे तो उपस्थित झाला, त्याला मात्र एका सकाळपर्यंत उत्तर तोंडपाठ होतं.

त्याचा धंदा छपाईयंत्रं दुरुस्त करण्याचा. जीव मात्र जुन्या रेसच्या सायकलींत गुंतलेला. मागच्या खोलीत त्या आकड्यांना टांगलेल्या असत. घंटी, आरसा, मडगार्ड, चाकांतले चमकते तुकडे, जे जे कारखान्यातून आलेलं नाही, ते त्याच्या लेखी बांडगूळ. जुन्या सायकलींच्या मंडळातले दोस्त म्हणूनच त्याला ‘मूळपुरुष’ म्हणत.

त्याच घरात राहणारी त्याची थोरली बहीण चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि वडिलांच्या जुन्या रेसच्या सायकलवरून कामाला जायची. त्या सायकलचं हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. ब्रेक त्या वळणावर, पुढे, दूर. ताईची बोटं आखूड. म्हणून वडिलांनी हँडलच्या वरच्या सरळ भागाखाली दोन बारीक जोडदांड्या बसवून घेतल्या होत्या. त्या दाबल्या की तेच ब्रेक लागत, पण अर्धेमुर्धे.

“ताई, तो ब्रेक नाही, ब्रेकचं सोंग आहे,” तो म्हणाला. “पुरता लागायच्या आधीच दांडी हँडलला टेकते.”

“मग मी इतकी वर्षं काय रामभरोसे थांबत होते?”

“जवळजवळ.”

“पुढच्या आठवड्यात तुमचं प्रदर्शन आहे, तिथे त्या शोभत नाहीत असं सरळ म्हण ना! माझ्या जिवाच्या नावावर स्वतःची हौस भागवू नकोस.”

तो हसला, पण टोमणा जिव्हारी लागला. कारण तो पुरता खोटा नव्हता.

ब्रेकची वायर बदलायला ताईनं सायकल त्याच्याकडे ठेवली, तेव्हा त्यानं दांड्या काढल्याच. मूळ ब्रेक तिच्या बोटांच्या आवाक्यात यावेत म्हणून त्यांच्याखाली रबराची पाचर बसवली. काम चोख झालं. सांगणं तेवढं त्यानं सकाळच्या चहावर ढकललं. ती कामावरून आल्या आल्या कटकट नको म्हणून.

सकाळी चहा उकळत असताना तो मागच्या खोलीत डोकावला. ताईच्या सायकलचा आकडा रिकामा होता. दुकानाच्या किल्ल्या त्या दिवशी ताईकडे असल्यामुळे ती लवकर निघाली होती.

घरापुढचा रस्ता थेट उताराचा आणि उताराच्या तळाशी गोदामाचं फाटक. तो गॅस तसाच ठेवून अनवाणी धावला.

वळणावरून ताई दिसली. पाठ ताठ, दोन्ही हात हँडलच्या वरच्या भागावर, रोजच्यासारखे. खाली एक ट्रक फाटकातून मागे मागे रस्त्यावर येत होता.

“ताई, पुढचे धर! पुढचे!”

तिची बोटं सरळ भागाखाली गेली आणि हवेवर आवळली गेली. पुन्हा गेली, पुन्हा हवाच. सायकलनं वेग घेतला. ट्रकचा मागचा भाग आता अर्ध्या रस्त्यावर आला होता. मग एकाएकी तिचे हात पुढे झेपावले आणि तिनं मूळ ब्रेक जीव खाऊन दाबला. कमकुवत दांड्यांना तेवढा जोर लावावा लागायचा, हाताला तोच ठाऊक होता. पुढचं चाक जागीच गच्च झालं, मागचं वर उचललं गेलं आणि ताई हँडलवरून पलीकडे पडली. ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

तो पोचला तेव्हा ती मनगट धरून बसली होती.

“दांड्या असत्या तर मी पडले नसते,” ती म्हणाली.

“असत्या तर तू ट्रकखाली असतीस!”

“आणि तू त्या काढल्या आहेस हे मला ठाऊक असतं तर?”

त्यानं आडवी पडलेली सायकल उचलून कडेला केली.

ट्रकचालक खाली उतरला होता. “बाई, आधी उठा, मग भांडा,” तो म्हणाला.

दवाखान्याच्या बाकावर, ताईच्या मनगटाला प्लास्टर घातल्यावर, भावानं विचारलं, “परत बसवू त्या?”

“विचारतोयस?”

“हो.”

“काल विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. तरी विचारायचं होतंस.”

“आणि आता?”

“आता नको बसवूस. तो दुसरा ब्रेक बेतानं कसा धरायचा, ते शिकव. आणि सायकल प्रदर्शनात न्यायची नाही.”

त्यानं मान डोलावली. मंडळात त्यानं कारण सांगितलं नाही. दोस्तांनी खोदून विचारलं तेव्हा “घरची आहे, चालू आहे” एवढंच म्हणाला.

ताई २०१६ साली निवृत्त झाली. तोवर ती त्याच सायकलवरून कामाला गेली. घरापुढचा उतार मात्र ती सायकल हातात धरून, चालत उतरायची.