आधी रिकामी चकती

सुशीलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आलापल्लीहून चंद्रपूरला परतत होतो. पुढे शोकसभेत जो तो म्हणाला, बाई फार शांत होत्या. डोंबलाचं शांत! आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, पोंभुर्ण्याच्या या बाई गप्प बसलेल्या मी एकदाच पाहिल्या... तेही घटकाभर.

आलापल्लीकडच्या एका गावातल्या बाया मोहाच्या बियांचं, म्हणजे टोरीचं, तेल काढून विकायच्या. ऐन पावसाळ्यात शहरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेनं शेरा मारला, तेलात पाणी आहे. व्यापाऱ्यानं माल परत धाडला आणि बाजारभर भेसळीची बोंब ठोकली. बायांच्या गटाची प्रमुख जानकीबाई तेलाचा डबा घेऊन आमच्या कॉलेजात आली. "माल नाई घेत त नका घेऊ," ती म्हणाली, "पन आमाले चोर काऊन म्हणता?"

बाईंनी तेल तपासायला घेतलं. मिठासारख्या क्षाराच्या दोन पारदर्शक चकत्यांमध्ये तेलाचा थेंब दाबायचा आणि त्यातून अवरक्त किरण सोडायचे. पदार्थातला प्रत्येक रासायनिक बंध आपापल्या ठरलेल्या लहरी गिळतो. गिळेल तिथं आलेखात खळगा पडतो. तेलाचे खळगे जागच्या जागी होते. पाण्याचा नव्हता. मग शहरातल्यांना कुठून दिसला? बाई मला घेऊन थेट त्या प्रयोगशाळेत धडकल्या. तिथला साहेब हसून म्हणाला, जंगलातल्या बाया थोडंफार मिसळतातच. बाई गप्प झाल्या... मला धडकी भरली.

"हे यंत्र बोलून राह्यलं, का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "तेल राहू द्या. रिकाम्या चकत्या लावा."

लावल्या. पाण्याचा तोच रुंद खळगा! उघड्यावर पडलेल्या चकत्यांनी पावसाळी हवेतली ओल ओढून घेतली होती, आणि आधी रिकाम्या चकत्या तपासायची तसदी कोणी घेतलीच नव्हती. साहेब अहवाल बदलायला मुकाट तयार झाला. बाईंचं तेवढ्यानं भागेना. बदनामी चारचौघांत झाली, तर माफीही बाजारात, जानकीबाईसमोर, म्हणून अडून बसल्या. आणि त्याला यावं लागलं.

बाईंच्या चकत्या आता माझ्याकडे आहेत, त्यांनीच ठेवलेल्या काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या. ती बरणी उघडताना बाईंची फार आठवण येते. परवा एक व्यापारी करंजीचं तेल घेऊन आला. वर फुकटचा सल्ला, नीट बघा सर, ही जंगलातली लोकं भरोशाची नाईत.

मी बरणी उघडली.

"बसा," म्हटलं, "आधी रिकामी चकती पाहू."