मोकळा गळा

पाटोद्याच्या स्टँडवर आईनं माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीचा दोरा बदलला. एसटी घरघरत उभी होती, कंडक्टर "आटपा की मावशी" म्हणत होता आणि ती निवांत गाठीवर गाठ मारत होती. आम्ही लिंगायत. डबीत इष्टलिंग. लहानपणी स्वामींनी दीक्षा देऊन गळ्यात बांधलं, ते मरेपर्यंत काढायचं नाही. "मन्या, कुटंबी जा, काईबी खेळ," आई म्हणाली. "पर लिंग अंगावेगळं झालं की माणूस मेल्यात जमा." अप्पा आले नव्हते. बाजाराचा दिवस, आमच्या किराणा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाईक माघारी जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा धर्म. एकुलता एक पोरगा मात्र त्या दिवशी त्यांनी जाऊ दिला.

पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात फुटबॉल शिकायला गेलो होतो. पहिल्याच सामन्याआधी रेफरीनं गळा चाचपला. दागिना चालत नाही म्हणाला. दागिना नाही, देव आहे, असं मी सांगून पाहिलं. "मग देव बाहेर ठेव आणि खेळ." मी ठेवला. बॅगेत, मोज्यांच्या शेजारी. संध्याकाळी आईचा फोन आला, "गळ्यात हाय न्हवं?" तोवर डबी परत गळ्यात आली होती, म्हणून म्हणालो, "हाय की." वाण्याचा पोरगा मी. वजन खोटं नव्हतं, फक्त तराजूला बोट लावत होतो. पुढे कित्येक वर्षं लावत राहिलो.

मग कोलकात्याला एका व्यावसायिक क्लबात घेतलं. गावात केवढा बोभाटा झाला! पण आपल्याकडच्या लीगचं तुम्हाला ठाऊक असेल, गोल करायचे ते परदेशी पाहुण्यांनी. कुणी आफ्रिकेचा, कुणी ब्राझीलचा, दारात वाकून शिरावं लागेल एवढा धिप्पाड. पुढची जागा त्यांची, आणि आम्ही बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. आमच्या क्लबात एक नायजेरियन होता, तो गोल करून आमच्याकडे धावत यायचा, मिठी मारायचा. मी मिठीत हसायचो आणि मनात म्हणायचो, मर लेका एकदाचा, पाय तरी मुरगळू दे तुझा. त्याची आईही कुठेतरी फोनची वाट बघत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आता मी भूतानमध्ये आहे. इथल्या लीगमध्ये मोजक्याच परदेशी खेळाडूंना जागा असते आणि त्यातला एक मी. पाटोद्याचा मन्मथ, परदेशी गोलंदाज नव्हे हो, गोल करणारा! थिंफूत थंडी हाडात शिरते, पण जेवणाचे हाल नाहीत. मिरची आणि चीजची एमादात्शी नावाची भाजी मिळते, आणि मिरचीला आपलं माणूस कधी भ्यालंय? गोल होतात. परदेशी माणसानं गोल केले नाहीत तर त्याला ठेवतं कोण?

माझ्या आधी ती जागा दोर्जीची होती. दोर्जी इथलाच, माझ्याच वयाचा. मी आलो आणि तो बाकावर गेला. पहिल्या सामन्याआधी मी डबी बॅगेत टाकायला निघालो, तर त्यानं हात धरला. काय आहे विचारलं. मोडक्या हिंदीत, मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यानं स्वतःच्या गळ्यातला लामानं मंतरलेला दोरा दाखवला, मग दोन्ही हात पुढे केले. तेव्हापासून मी खेळत असेपर्यंत डबी त्याच्या मुठीत असते. बाकावर ठेवत नाही, खिशात घालत नाही. पाणी पितानाही दुसऱ्या हातानं पितो. सामना संपला की दोन्ही हातांनी परत देतो, आणि मला त्याच्या डोळ्यांत बघवत नाही. मुरगळू दे याचा पाय, असं तो म्हणत असेल का? म्हणत असता तर बरं वाटलं असतं.

गेल्या आठवड्यातला सामना मोबाईलवर दिसणार होता. अप्पांनी दुकानात फोन साखरेच्या पोत्याला टेकवून लावला, गिऱ्हाईकं थांबवून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच! मी गोल मारला आणि आनंदाच्या भरात जर्सी काढून भिरकावली. रेफरीनं पिवळं कार्ड दाखवलं, पण खरं कार्ड पाटोद्यातून आलं.

व्हिडिओ कॉलवर अप्पा नुसते फुलले होते. "लई भारी हाणलास लेका!" मागून आईचा चेहरा पुढे आला.

"मन्या, गळा मोकळा दिसला."

सगळं सांगितलं, पुण्यापासून. ती रडेल, स्वामींकडे जाईल, असं वाटलं होतं. पण तिनं विचारलं, "कुणापशी देतोस?"

दोर्जीचं सांगितलं. मुठीचं सांगितलं. तिचा चेहरा जरा निवळला. "देवाचं माणूस हाय," म्हणाली. आणि मग, दुकानातल्या गलक्यात, अगदी साधेपणानं विचारलं,

"मंग त्यो कवा खेळतो?"

नेटवर्क गेल्यासारखं करून मी फोन ठेवला.

गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हालाही कुणी विचारत असेल, घराची आठवण येते का म्हणून. मला वास, रस्ते, दुकान फारसं आठवत नाही. परक्या देशात जिथे सगळे फक्त गोल मोजतात, तिथे आईचा तो प्रश्न आठवतो. घर माझ्यासाठी आता तेवढंच उरलंय.

काल परत सामना झाला. मी एक गोल केला. रात्री आईनं फोन केला. गळ्याचं काही विचारलं नाही, गोलाचं तर नाहीच.

"दोर्जी खेळला का?"

"न्हाई, आई."