जवळचा ढग

खगोलशास्त्राच्या संस्थेत तिला सगळे ढगवाली म्हणत. स्वभाव तापट, त्यामुळे "आज ढगवाली गडगडतेय" हा विनोद रोजचाच. तिचं काम ऐकायला सोपं होतं. दूरच्या एका दीर्घिकेच्या चित्रात ताऱ्यांचे गुच्छ हुडकायचे, आणि कुठला गुच्छ कुठल्या ढगातून जन्मला ते ठरवायचं. ठरलं की गुच्छापासून ढगापर्यंत एक रेघ ओढायची. याला तिथे 'घर दाखवणं' म्हणत.

पण सगळ्यांना घर कुठून दाखवणार? तारे जन्मतात थंड वायूच्या आणि धुळीच्या ढगात, आणि जन्मल्याबरोबर ही कार्टी पहिलं काम काय करतात, तर घराचं छप्पर उडवतात. त्यांचा प्रकाश आणि त्यांचे वारे इतके दांडगे, की काही दशलक्ष वर्षांत ढगाच्या चिंध्या होतात. म्हणून अगदी कोवळा गुच्छ ढगात तोंड लपवून बसलेला दिसतो, आणि जरा जुन्या गुच्छाचा ढग केव्हाच विरून गेलेला असतो. अशा गुच्छाला ढगवाली रेघ ओढत नसे. शेजारून दुसरा एखादा ढग चालला असला तरी नाही. रंगावरून गुच्छाचं वय कळतं. वय कळल्यावर खोटं घर दाखवायचं कशाला?

गटाचे प्रमुख असलेल्या सरांना हे पटत नव्हतं. गुच्छ आपल्या ढगाच्या आसऱ्याला दीर्घकाळ सुखाने नांदतात, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. ढगवालीचे बिनरेघेचे गुच्छ त्यांच्या डोळ्यांत खुपत.

एके दिवशी सगळ्यांच्या घरच्या माणसांना संस्था दाखवायची होती. ढगवालीने मावशीला आणलं. मावशी लोकांचे कपडे इस्त्री करून पोट भरणारी. तिनेच हिला वाढवलं. आई गेली तेव्हा ही रांगत होती, आणि बापाने सरळ हात वर केले. समोरच्याच घरात सख्खा काका राहत होता, पण त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. पुढे हिला संस्थेत नोकरी लागली, तेव्हा मात्र "आमच्याच अंगाखांद्यावर वाढलेली पोर" असं तो गावभर सांगत सुटला. ढगवालीला त्याची अजून चीड येते, आणि का येऊ नये?

आपल्या गुच्छांचा भिंतीवरचा मोठा नकाशा दाखवायला ती मावशीला घेऊन सभागृहात शिरली आणि जागच्या जागी थबकली. नकाशात एकही गुच्छ बिनरेघेचा उरला नव्हता. जुन्यापान्या गुच्छांनाही जवळ दिसेल तो ढग चिकटवून दिला होता. खाली पहिलं नाव तिचं आणि दुसरं सरांचं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर चहाचा कप घेऊन पाहुण्यांत उभे होते. तिथेच जाऊन तिने विचारलं, "सर, हे कुणी केलं?"

"मीच," सर हसून म्हणाले. "चारचौघं बघायला येणार, निम्मे गुच्छ बेघर बरे दिसतात का? जवळ आहे तो ढग त्यांचा. इतकं काय मनाला लावून घेतेस?"

"त्यांची वयं बघा ना! त्यांचा ढग कधीच विरलाय. हा कुठलातरी वाटेवरचा ढग, याचा काय संबंध? आणि उद्या तुम्ही याच रेघा दाखवून म्हणणार, बघा, गुच्छ ढगाला सोडतच नाहीत!"

"अगं हळू, लोक ऐकतायत."

"ऐकू देत! नुसतं जवळ असणं म्हणजे जन्म देणं नव्हे!"

सरांचं हसू मावळलं. "पटत नसेल तर नकाशावरून तुझं नाव काढून टाकू," ते म्हणाले.

"काढा!"

इतकी वर्षं डोळे फोडून केलेलं काम एका शब्दात सोडून ती मावशीचा हात धरून बाहेर पडली.

बसथांब्याच्या बाकावर तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"तू का बोलत नाहीस? माझं चुकलं?"

मावशीने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "तुझं ढगांचं मला कळत नाही. पण मग माझं काय गं? मी तरी तुला कुठे जन्म दिलाय? मीही नुसती जवळच होते."

रागाच्या भरात आपण काय बोललो आणि कुणासमोर, हे ढगवालीच्या आत्ता ध्यानात आलं.

"तू जवळ नव्हतीस," ती म्हणाली. "जवळ काका होता. तू दुसऱ्या गावात होतीस. चालतं दुकान बंद केलंस, ती जड इस्त्री पिशवीत घातलीस आणि आलीस. ढग असा कुणाकडे येत नाही, मावशी. शेजारी गुच्छ आहे याचा त्याला पत्ताही नसतो. तुझी रेघ मी स्वतः ओढेन. कुणी पुसूनच दाखवावी!"

मावशीने पदराने नाक पुसलं. मग एकाएकी तिने विचारलं, "त्या रेघा तुझ्या त्या सराने ओढल्या ना?"

"हो."

"आणि खोट्या आहेत?"

"साफ खोट्या."

"मग नाव तुझं का काढायचं?"

बस येऊन उभी राहिली. मावशीने ड्रायव्हरला हातानेच 'जा' म्हटलं आणि पिशवी काखेत मारली.

"चल परत. काम तुझं आहे. त्याच्या रेघा त्याने पुसाव्यात, नाहीतर स्वतःचं नाव काढावं. आणि तुला हळू बोल म्हणाला ना तो? आता मी बोलते."