विल्डाच्या दारावरचा रिकामा खिळा

विल्डा होमानच्या दुकानात पाऊल टाकलं की सगळ्यात आधी डोळे दिसतात. चारही भिंतींवर हरणांची मुंडकी, आणि प्रत्येकाच्या खोबणीत विल्डाने स्वतःच्या हाताने बसवलेले काचेचे डोळे. सँडी फोर्क आणि आजूबाजूच्या गावांत कुणी चांगलं हरीण मारलं की ते मढवायला विल्डाकडेच येतं. हे गेली चौतीस वर्षं चालू आहे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की ती त्याला सरळ दुकानाबाहेर काढते.

दाराच्या वर एक खिळा मात्र रिकामा आहे. दुकान उघडलं त्याच दिवशी तिने तो ठोकला होता, स्वतःच्या हरणासाठी. इथल्या टेकड्यांतली हरणं तिने पोरवयात घरच्या जेवणासाठी कितीतरी मारली होती. तिला हवा होता सरहद्दीपलीकडच्या सोनोराच्या वाळवंटातला लांबकान्या नर. लहानपणी बापाच्या मेंढ्या कातरायला पलीकडच्या देशातून गडी येत, ते कातरता कातरता त्याच्या गोष्टी सांगत. विल्डाने त्यांच्याकडूनच स्पॅनिश उचललं होतं, शिव्यांसकट. पण त्या शिकारीचे दिवस आणि तिच्या कामाचे दिवस नेमके एकच. डिसेंबरात गिऱ्हाइकं सोनोराला जात आणि विल्डा मागे बसून कातडी खारवत राही.

"विल्डा, खिळा गंजला की गं," रॉइस दरवर्षी म्हणे. रॉइसचं समोरच पेंडीचं दुकान. तो शाळेपासूनचा तिच्या वर्गातला, आणि जिभेला हाड नसलेला.

"तुझी जीभ नाही ना गंजली? मग खिळ्याचं मी बघेन."

विल्डाचा एक नियम होता. प्रत्येक मुंडक्याला ती मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधे, पण हरीण दारात आल्याशिवाय चिठ्ठीवर नाव लिहीत नसे. आधी नाव लिहिलं की हरीण दिसत नाही, असं शिकारी लोक मानतात. ती मानायची की नाही कुणास ठाऊक, पण नियम तिने एकदाही मोडला नव्हता. एकदा खुद्द न्यायाधीश आगाऊ चिठ्ठी मागायला आले होते. तेही हात हलवत परत गेले.

यंदा एप्रिलात एव्हेरार्दो नावाचा तरुण दुकानात आला. सोनोरात सासऱ्याची गुरांची मोठी रँच होती, ती त्याने नुकतीच शिकारीसाठी उघडली होती. बोलायला गोड, बुटांना कोरी चकाकी. त्याने टेबलावर एक भलामोठा फोटो ठेवला. निवडुंगाच्या आडून एक नर बघत होता. डावं शिंग उजव्याच्या दीडपट जाड, आणि त्याला खाली वळलेलं एक टोक.

"याला आम्ही सुर्दो म्हणतो, म्हणजे डावखुरा," एव्हेरार्दो म्हणाला. "जानेवारीतला फोटो आहे."

कुठल्या सालचा जानेवारी, ते तो बोलला नाही. रॉइस आणि त्याचे तीन मित्र तिथेच कॉफी पीत उभे होते. चौघांचेही डोळे फोटोला चिकटले. रॉइसचा हात तर खिशाकडेच गेला.

"आणि तुमच्याकडून काही घेणार नाही, सेन्योरा," एव्हेरार्दो विल्डाला म्हणाला. "तुमची शिकार आमच्यातर्फे. फक्त इथल्या लोकांना सांगा की जागा चांगली आहे."

विल्डाला सगळं लख्ख दिसलं. तिने मान डोलावली की हे चौघे जाणार, त्यांच्यामागून अर्धा जिल्हा जाणार. नाही म्हणाली तर खिळा तसाच राहणार. ती त्रेसष्ट वर्षांची होती आणि तिचा उजवा खांदा बंदूक लावली की ठणकायचा. अजून फार तर चार हंगाम, असा तिचा तिनेच हिशोब केला होता.

"रॉइस, हात बाहेर काढ," ती म्हणाली. "मी आधी बघून येते."

"कधी?"

"मेमध्ये. तेव्हा माझ्याकडे काम नसतं."

"मेमध्ये हरणांच्या डोक्यावर शिंगंसुद्धा नसतात. काय बघणार तू, कान?"

"शिंगं तर फोटोतही दिसतात. त्यासाठी दोन दिवस गाडी कशाला हाकू?"

आणि ती गेली. जुना पिकअप, पाण्याचे दोन कॅन, सोबतीला कुणी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एव्हेरार्दो तिला रँच दाखवत होता. नव्या खोल्या, नवे पलंग, भिंतीभर लावलेला सुर्दोचा फोटो. विल्डाने सगळ्याला छान म्हटलं. मग विचारलं, "रानात जी हरणं आपोआप मरतात, त्यांचे जबडे कुठे ठेवता?"

"जबडे?" एव्हेरार्दोने असं तोंड केलं, जणू तिने उकिरडा बघायला मागितला होता. "ते नाबोरला विचारा."

नाबोर तिथला जुना गुराखी. अडतीस वर्षं त्याच रानात, आणि आता शिकाऱ्यांचा वाटाड्या. तो इतका वेळ टोपी डोळ्यांवर ओढून भिंतीला टेकून उभा होता. जबड्यांचं नाव ऐकताच त्याने टोपी वर केली.

खोगिरांच्या खोलीत, मागच्या भिंतीला, एका तारेत जबडे ओवलेले होते. विल्डाने चष्मा चढवला आणि एकेक हातात घेतला. शिंगं माणसाला भुलवतात. चांगला पाऊस झाला की तरण्या हरणालाही मोठी येतात. दात तेवढे खरं बोलतात.

"हा चार वर्षांचा," ती म्हणाली. "हा सात. आणि याला तर शेवटी चावताच येत नसणार. दहाच्या पुढचा आहे."

"अकरा," नाबोर म्हणाला. "शेवटची दोन वर्षं विहिरीपासून हलला नाही. तिथे कोवळा पाला असतो. मी गुरं जरा लांबून न्यायचो."

"का?"

"म्हाताऱ्याला कशाला उठवायचं?"

विल्डाने सगळी तार मोजली. तारेवर सतरा जबडे होते आणि त्यांतले नऊ म्हाताऱ्यांचे. तिच्या दुकानात चौतीस वर्षांत इतकी वयस्क हरणं बोटांवर मोजण्याइतकीच आली होती. ज्या रानात हरणं दात झिजेपर्यंत जगतात, तिथे पैसे भरून यायला हरकत नाही, तिचं मन म्हणत होतं. मग तिने शेवटचा जबडा उचलला. तो सगळ्यांत पांढरा होता.

"हा नऊचा. नवीन दिसतो. कशाने गेला?"

"प्यूमाने."

"मुंडकं कुठाय?"

नाबोरची नजर कोपऱ्यातल्या घोड्यांच्या घोंगड्यांकडे गेली. विल्डाने घोंगड्या उचलल्या. खाली कवटी होती, शिंगांसकट. डावं शिंग जाड, एक टोक खाली वळलेलं. विल्डा माणसांचे चेहरे विसरायची, शिंग कधी विसरली नव्हती.

"कधी?"

"गेल्या वर्षी फेब्रुवारीत. जावईसाहेब म्हणाले झाकून ठेव, मी ठेवलं. खोटं सांग म्हणाले असते तर नसतं सांगितलं."

विल्डा तिथेच एका खोगिरावर बसली. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. इतकं चांगलं रान, आणि त्याच्या दारात मेलेल्या हरणाची पाटी.

दुपारच्या जेवणाला वाळलेलं मांस चुरून अंड्यात परतलेलं होतं आणि ताटाएवढ्या पोळ्या. एव्हेरार्दोने हसत विचारलं, "मग, कसं वाटलं?"

"रान उत्तम आहे. सुर्दो मेलाय."

एव्हेरार्दोच्या हातातली पोळी हातातच राहिली. "सेन्योरा, आमचं पहिलंच वर्ष आहे. फोटोशिवाय कोण येणार? आणि तुमची शिकार तर आम्ही..."

धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं लोक म्हणतात ते उगीच नाही. फुकट घेणाऱ्याने दात मोजायचे नसतात. विल्डा तर दात मोजूनच जेवायला बसली होती.

"ती फुकटची शिकार तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली. "मी डिसेंबरात दुकान बंद ठेवून येणार, सगळ्यांसारखे पैसे भरून, आणि वाटाड्या मला नाबोर हवा. गावात मात्र मी सुर्दो मेला म्हणूनच सांगणार. फोटो ठेवायचा की काढायचा, तुमचं तुम्ही बघा."

"आणि मग कुणीच आलं नाही तर?"

"तर मी एकटी येईन."

टेबलाच्या टोकाला जेवत असलेल्या नाबोरने मान वर केली. "दहाच्या पुढचे दोघे अजून फिरताहेत, सेन्योरा. पण वयामुळे आता शिंगं बेताचीच येतात त्यांना. फोटोत शोभायची नाहीत."

"मला चालतील."

"दहाच्या पुढचे दोन?" एव्हेरार्दो त्याच्याकडे वळला. "मला कधी बोलला नाहीस."

"तुम्ही मोठी शिंगं विचारलीत, साहेब. म्हातारे विचारले नाहीत."

विल्डा निघाली तेव्हा एव्हेरार्दो हात मिळवायला आला, पण फार बोलला नाही. भिंतीवर फोटो होता की नव्हता, हे तिने मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी दुकानात चौघेही हजर. विल्डाने कॉफी ओतली आणि जे होतं ते सांगितलं. सुर्दो गेला, दोन म्हातारे आहेत, शिंगं बेताची, वाटाड्या सोन्यासारखा. रॉइसचं तोंड उतरलं. दोघांनी कॉफी संपवली आणि जमणार नाही म्हणून निघून गेले. तिसरा म्हणाला विचार करतो. त्याचा विचार म्हणजे नकारच, हे सगळ्यांना माहीत होतं.

"म्हणजे तुझ्या एका शब्दाने फुकटची शिकारही गेली आणि सोबतही गेली," रॉइस म्हणाला. "चौतीस वर्षं थांबून आता तू बेताच्या शिंगांसाठी जाणार?"

"तू शिंगं बघ. मला ज्याने दात झिजवलेत तो बघायचाय."

तिने खण उघडून एक कोरी चिठ्ठी काढली, चष्मा पुसला आणि शाईच्या पेनाने सावकाश नाव लिहिलं. हजारो चिठ्ठ्यांवर तिचंच अक्षर होतं, पण हे नाव तिने आजवर एकदाही लिहिलं नव्हतं. मग स्टुलावर चढून तिने चिठ्ठी दारावरच्या खिळ्याला बांधली.

"कुणाचं हरीण आलं?" रॉइसने विचारलं आणि मान वर करून वाचलं. विल्डा होमान. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. तो म्हणाला, "माझ्याही नावाची एक लिही. मी येतो."

"ये की," विल्डा स्टुलावरून उतरत म्हणाली. "चिठ्ठी मात्र तुझं हरीण दारात आल्यावर."