आबांच्या दाढेची पिशवी

हिरडीखाली अडकून पडलेल्या दाढेभोवती एक पातळ पिशवी असते. दाढ वर येणार नसली, तरी ती पिशवी जिवंत असते, प्राणवायू घेत असते. माणसाचं वय वाढतं तसं तिचं हे काम किती मंदावतं, हे आमच्या सरांना मोजायचं होतं. एकोणीसशे ऐंशीनंतरची पहिली वर्षं. मी मुंबईतल्या एका दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. खाडीपलीकडच्या आमच्या सारसोळे गावातल्या घरातली पहिली बी.एस्सी. हे मी तेव्हाही सांगायचे, आजही सांगते.

तरुणांच्या पिशव्या भरपूर यायच्या. म्हाताऱ्यांच्या मिळत नसत. साठीचा माणूस न दुखणारी दाढ काढायला येईल कशाला? अशात आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जबडा सुजला आणि वाशीच्या डॉक्टरांनी दाढ काढायचं ठरवलं. मी आबांकडे पिशवी मागितली.

"टाकूनच द्यायची हाय ना? ने बाय."

"साठी आली तरी यांची अक्कलदाढ वर नाय आली," आई चुलीपासून म्हणाली. "मी काय उगाच बोलते?"

सरांच्या तक्त्यात साठीचा पहिला आकडा आमच्या घरातला असणार होता. मला तो हवाच होता.

पिशवी गार ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. गोठली की मेली. थर्मासात बर्फ, बर्फात पाणी भरलेली छोटी बाटली. आबांनी जन्मभर मासळी बर्फात घालून बाजारात धाडलेली, ते बर्फाला मला हात लावू देईनात. मी साडी नेसून येईपर्यंत थर्मास भरून तयार होता.

वाशीला दाढ निघाली. डॉक्टरांनी पिशवी सोडवून बाटलीत घातली. आबांना भावाबरोबर घरी धाडून मी बसने खाडीपूल ओलांडला. कॉलेजात बाटली काढली तर आतलं पाणी दगड झालेलं. नुसत्या बर्फात असं होत नाही. मी थर्मासात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. मीठ पडलं की बर्फ आणखी गार होतो.

सरांनी तरी तुकडा यंत्राला लावला. तुकडा प्राणवायू घेतो तसं नळीतलं पाणी सरकतं; ते जागचं हललं नाही.

घरी आबा गालाला फडकं लावून बसले होते.

"बर्फात मीठ घातलं होतं?"

"मग? नुसता बरफ कवा टिकतो? मासली अशीच धाडतो आमी."

"मासळी मेलेली असते, आबा."

"आनि ही जिती होती?"

"होती."

"इतकी वरसं? आतमंदी?"

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "दुसऱ्या बाजूलाही अडकलेली आहे ना? विचारून बघ."

"ती दुखत नाही, सर," मी म्हटलं. पुन्हा तो विषय निघाला नाही. मी नोकरी सोडेपर्यंत तक्त्यात साठीपुढची जागा कोरी होती.

सूज उतरल्यावर आबांनी स्वतःच विचारलं, "तुज्या सायबाला दुसरी पायजे का? या टायमाला मीठ नाय टाकनार."

"नको."

"तो नको बोलतो, का तू?"

"मी."

"बरं," म्हणाले, आणि आईकडे भाकरी मागितली.